हेडफोन घ्यायचाय, पण पारखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला एम. जी. रोडच्या आतल्या गल्लीत माझं दुरुस्तीचं टेबल आहे. हेडफोन, इअरफोन, नेकबँड, बड्स, कानाला लागणारं सगळं. रोज तेच तेच प्रश्न येतात, काही काउंटरवर, बरेचसे व्हॉट्सॲपवर. त्यातले निम्मे खरेदी झाल्यावर येतात ही खरी पंचाईत. म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय. मी नवीन माल विकत नाही, त्यामुळे "कोणत्या कंपनीचा घेऊ" याला माझ्याकडे उत्तर नाही.

१. दीड-दोन हजार बजेट आहे. ओव्हर-इअर घेऊ, नेकबँड घेऊ की बड्स?

आधी वापरणार कुठे ते ठरवा. घरी एका जागी बसून ऐकायचं असेल तर वायरवाला ओव्हर-इअर. त्यात बॅटरी नाही, ब्लूटूथची चिप नाही, चार्जिंगची डबी नाही. तुमचे सगळे पैसे ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), कुशन आणि बँडवर लागतात. त्याच पैशांच्या बड्समध्ये तीन बॅटऱ्या (दोन कानांतल्या, एक डबीतली), रेडिओ, माइक, डबी एवढं सगळं भागवायचं असतं. मग आवाजासाठी उरणार किती?

फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा कनेक्टर लागतो. तो आत स्वतःची डॅक चिप (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी) असलेला घ्या, कारण नुसता वायर जोडून दिलेला कनेक्टर बऱ्याच फोनवर चालतच नाही.

रोज बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्याला मी अजूनही नेकबँडच सांगतो. पोरं नाक मुरडतात. पण सीबीएसला, म्हणजे आमच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, गर्दीत बसमध्ये चढताना कानातून निसटलेला नेकबँड गळ्यात लोंबतो, निसटलेला बड चाकाखाली जातो. "दादा, डावा एकच मिळेल का?" असं विचारत लोक सारखे येतात. काही कंपन्या सुटा बड देतात, बऱ्याच देत नाहीत. घेण्याआधीच विचारा.

२. दुकानात पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात आवाज कसा ओळखायचा?

दुकानदाराचं डेमोचं गाणं ऐकू नका. ते असं निवडलेलं असतं की त्यावर कुठलाही डबा दणदणीत वाटावा. स्वतःच्या फोनमधली, शंभर वेळा ऐकलेली दोन-तीन गाणी न्या. त्यात कुठे काय येतं ते तुमच्या कानांना पाठ असतं, म्हणून काय हरवलंय हेही लगेच कळतं.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि कुणीच करत नाही. किंचित मोठा वाजणारा हेडफोन आपल्याला "जास्त चांगला" वाटतो, कानांची ठेवणच तशी आहे. गायकाचा आवाज दोन्हींत सारखाच मोठा येईपर्यंत व्हॉल्यूम कमी-जास्त करा आणि मगच मत बनवा.

मी स्वतः तीन गोष्टी ऐकतो. पहिली, तबला. डग्ग्यावर मनगट सरकवून जी घसीट काढतात ती ऐका. सूर खालून वर चढताना स्पष्ट कळला तर बास नेटका आहे. नुसतं "धप्प" ऐकू आलं आणि चढउतार गेला, तर बास फुगवलेला आहे. दुसरी, तानपुरा. जव्हारीची ती रेशमी झणझण वरच्या पट्टीत असते. ट्रेबल कमी असेल तर तानपुरा घोंगडी पांघरल्यासारखा वाटतो, जास्त असेल तर पत्रा कापल्यासारखा. तिसरी, बाईमाणसाचा आवाज, जमलं तर लावणी किंवा भावगीत. "स" आणि "श" कानाला टोचत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. पाच मिनिटांत त्याची मजा वाटते, तासाभरात डोकं दुखतं.

नाशिकचा ढोल-ताशा ही चौथी परीक्षा, पण ती शेवटी. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलाच्या गदारोळातही ताशाची काडी वेगळी मोजता येते. स्वस्त हेडफोनात दोन्हींचा चिखल होतो.

एक अडचण राहतेच. एम. जी. रोडवर हॉर्नचा आवाज इतका असतो की बास दुकानात कमीच वाटतो. शक्य असेल तर माडीवर जाऊन ऐका, किंवा परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्या.

३. महाग म्हणजे आवाज चांगला, हे खरं का?

एका मर्यादेनंतर नाही. २०१७ साली येरुन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली. कोणती पट्टी किती वाजते, म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, त्याचा आणि किमतीचा काही संबंध त्याला सापडला नाही. माझ्या टेबलावरचा अनुभवही तोच.

जास्त पैशांत मिळतं ते वेगळं: बरी एएनसी (बाहेरचा गोंगाट दाबणारी सोय, ८ बघा), कॉलला बरा माइक, धातूचा बँड, बदलता येणारी वायर, सुटे मिळणारे पॅड. यातलं तुम्हाला जे लागतं त्याचे पैसे द्या. "महागडा आहे म्हणजे वाजेलच" या भरवशावर देऊ नका.

४. बॉक्सवर "४० एमएम ड्रायव्हर", "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ", "३२ ओम" लिहितात. यातलं बघायचं काय?

पहिले दोन सोडून द्या. ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज चांगला असं नसतं. १० एमएमचा नीट बसवलेला ड्रायव्हर ४० एमएमच्या वाईटाला सहज मागे टाकतो. "२० ते २०,०००" ही माणसाच्या ऐकण्याची सर्वसाधारण मर्यादा, ती सगळेच छापतात. त्या टप्प्यात कुठे किती चढउतार आहे हे लिहिलेलं नसेल तर आकड्याला अर्थ नाही. काही बॉक्सवर ४० किलोहर्ट्झ असतं. ते घरातल्या मांजराला ऐकू येईल. आणि तुमची चाळिशी उलटली असेल तर बहुधा १५ किलोहर्ट्झच्या वरचंही तुम्हाला फारसं ऐकू येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

वायरवाल्यात ओम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मात्र बघा. १६ ते ३२ ओमचा फोनवर आरामात वाजतो. स्टुडिओतले काही प्रसिद्ध हेडफोन, उदाहरणार्थ १९९७ पासून चालत आलेला सेनहायझरचा एचडी ६००, ३०० ओमचे असतात. साध्या फोनवर ते मिणमिणतात आणि लोकांना वाटतं पीसच खराब. त्यांना वेगळा ॲम्प (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) लागतो. ब्लूटूथवाल्यात ॲम्प आतच असतो, तिथे हा आकडा विसरा.

५. रिव्ह्यूमध्ये सगळे "बास जबरदस्त" म्हणतात, मला तर येतच नाही. पीस डिफेक्टिव्ह आहे का?

क्वचित. बहुतेक वेळा हवा गळते. बास म्हणजे हवेचा दाब. ड्रायव्हर आणि कानाचा पडदा यांच्यातली जागा बंद नसेल तर तो दाब निघून जातो, वरचे सूर तसेच राहतात आणि आवाज पोकळ होतो.

घरच्या घरी तपासा. गाणं चालू असताना बड्स हलकेच आत दाबा, किंवा ओव्हर-इअरचे दोन्ही कप तळहातांनी डोक्याकडे दाबा. बास एकदम भरून आला तर पीस ठीक आहे, बसणं चुकलंय. बड्स असतील तर बॉक्समध्ये आलेले टोकाचे बाकीचे रबर काढा आणि एक माप मोठं लावून बघा. कारखान्यातून मधलं माप लावून येतं आणि दहातले नऊ जण ते कधीच बदलत नाहीत. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. माझ्या डाव्या कानाला मोठं, उजव्याला मधलं लागतं.

गंगापूर रोडवरून एक कॉलेजचा मुलगा आला होता, दोनदा पीस बदलून घेऊन तिसऱ्यांदा भांडायच्या तयारीत. मी त्याच्याच डबीतले मोठे रबर काढून लावले. त्याने गाणं लावलं, दोन सेकंद माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेला. पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच.

कानाच्या बाहेरच टेकणारे, रबर नसलेले बड्स असतील तर मात्र हा उपाय नाही. ते बनवलेलेच मोकळे असतात.

६. चष्मा आहे. ओव्हर-इअरने अर्ध्या तासात कान दुखतात. आरामदायी आहे की नाही हे घेण्याआधी कसं कळेल?

वीस मिनिटं घालून बसा. दोन मिनिटांत सगळेच हेडफोन मऊ वाटतात. त्या वीस मिनिटांत एकदा जांभई द्या, एकदा काहीतरी चावा, एकदा खाली वाकून बूट बांधा. घसरतो का, जबडा हलला की हवा सुटते का, हे तिथेच समजतं.

चष्म्याची काडी दोन तऱ्हेने त्रास देते. एक, कुशन तिला कानामागच्या हाडावर दाबतं. दोन, काडीपाशी फट राहते आणि बास गळतो (५ बघा). जाड, मऊ फोमचं कुशन आणि बारीक काडी ही जोडी चालते. जाड प्लॅस्टिकची काडी असेल तर पकड सैल असलेला हेडफोन शोधा.

वजन बघा. साधारण २५० ग्रॅमचा हेडफोन बहुतेकांना दोन-तीन तास सोसतो. धातूचे काही महागडे ३८० ग्रॅमच्या पुढे जातात, दिसायला राजबिंडे, पण संध्याकाळी टाळूवर गोल दुखतं. वजनापेक्षाही ते बँडवर कसं वाटलं जातं हे महत्त्वाचं. बँडखाली बोट घालून बघा. सगळा भार एका रेघेवर येत असेल तर नको.

कपाच्या आतली खोली बोटाने मोजा. कानाची वरची कड आतल्या जाळीला टेकत असेल तर दुखणारच, कुशन लोण्यासारखं असलं तरी.

पकड फार घट्ट असेल आणि बँडमध्ये स्टीलची पट्टी असेल तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा, पकड थोडी सैलावते. नुसत्या प्लॅस्टिकच्या बँडला हा प्रयोग करू नका, मग माझ्याकडे यावं लागेल.

आणि नाशिक थंड, नाशिक थंड म्हणता म्हणता एप्रिल-मे येतो. तेव्हा बंद कपाचा हेडफोन दुपारी तासभर घालणं म्हणजे कानाला शेक. कापडी कुशन कमी घाम आणतं, पण त्यातून थोडी हवा जाते, म्हणजे बासही थोडा जातो.

७. नवीन हेडफोन पन्नास-शंभर तास वाजवून "मुरवावा" लागतो म्हणतात?

कुशन मऊ होतं, डोक्याच्या आकाराला बसतं, आणि तुमच्या कानांना त्याची सवय होते. बदल बहुतेक या तिन्हींचा असतो. लोणचं मुरतं, ड्रायव्हर नाही. पहिल्या दिवशी कर्कश वाटला तर परत करायची मुदत मुरवण्यात घालवू नका.

८. रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो. एएनसीचा खरंच फायदा होतो का?

होतो, आणि एएनसीसाठी पैसे मोजायला सगळ्यात योग्य गिऱ्हाईक तुम्हीच. एएनसी बाहेरचा आवाज माइकने ऐकते आणि त्याच्या उलट लहर कानात सोडते. हे जमतं ते सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजाला: चाकांची घरघर, डब्यातले पंखे, एसीचा घुमारा. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली, आणि त्यांच्या कंपनीने आधी वैमानिकांसाठीच हेडसेट काढला, तोही याच कारणाने. इंजिनाचा आवाज सलग असतो.

अचानक येणारा, उंच आवाज तिला पकडता येत नाही. "चाय गरम", शेजारच्या रमीच्या डावातला आरडाओरडा, रडणारं मूल हे ऐकू येत राहणार. उलट घरघर गेल्यामुळे जास्तच स्पष्ट ऐकू येतं. तिथे काम रबराचं किंवा कुशनचं. म्हणून आधी ५ मधली तपासणी, मग एएनसी.

काहींना एएनसी लावल्यावर कानात दाब आल्यासारखं, गरगरल्यासारखं वाटतं. घाट चढताना तर जास्तच. दुकानात गाणं न लावता नुसती एएनसी चालू करून पाच मिनिटं बसा. त्रास झाला तर साधा घ्या, पैसे वाचतील.

एएनसी चालू आणि बंद केल्यावर गाण्याचा आवाज किती बदलतो तेही ऐका. स्वस्त बड्समध्ये बास अचानक फुगतो किंवा गायब होतो.

९. अंबडच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये (पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांवर) आहे. इअरप्लगऐवजी एएनसी बड्स चालतील का? ढोल पथकात वाजवताना?

दोन्हीकडे नाही. प्रेसचा ठोका आणि ढोलाचा टिपरू हे झटक्याचे आवाज, ते एएनसीच्या हाती लागत नाहीत (८ बघा). शिवाय साध्या बड्सना कानाच्या संरक्षणासाठी तपासलेलं नसतं. किती डेसिबल कमी होतात याची हमी कुणी देत नाही. वर तुम्ही त्यात गाणी लावणार, म्हणजे गोंगाटावर मात करायला व्हॉल्यूम वाढवणार.

कारखान्यात, डेसिबलचं रेटिंग छापलेले प्लग किंवा मफ. पथकात, वादकांसाठीचे गाळणीवाले प्लग मिळतात. आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी होतो, त्यामुळे ताल हरवत नाही. ताशावाल्यांनी तर घालावेतच.

१०. गाणी छान वाजतात, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो. का?

बिघाड नाही. ब्लूटूथचे गाण्याचे आणि बोलण्याचे रस्ते वेगळे. माइक चालू झाला की बहुतेक लॅपटॉप बोलण्याच्या रस्त्यावर जातात, तिथे आवाज मोनो होतो आणि वरच्या पट्ट्या कापल्या जातात. उपाय सोपा: मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि ऐकण्यासाठी हेडफोन. दिवसभर कॉल असतील तर यूएसबीचा वायरवाला हेडसेट घ्या.

११. एलडॅक, ॲप्टएक्स असलेलाच घ्यावा का?

हे कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धती. आयफोन असेल तर प्रश्नच मिटला, त्यावर एसबीसी आणि एएसी एवढेच चालतात. अँड्रॉइडवर एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण गर्दीत सिग्नल तुटायला लागला की खाली येतो. रबराचं माप बरोबर असण्याने जितका फरक पडतो त्याच्या पासंगालाही कोडेकचा फरक पुरत नाही. मी स्वतः एएसीवर ऐकतो.

१२. चांगला हेडफोन किती वर्षं टिकायला हवा? आधी काय जातं?

ड्रायव्हर जवळजवळ कधीच जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या मालाचा क्रम असा: वायरवाल्यात पिनच्या बुडाशी तुटलेली वायर, बड्समध्ये बॅटरी, ओव्हर-इअरमध्ये कुशन आणि बिजागरी.

वायर तुटते ती नेहमी जिथे मऊ वायर कडक प्लॅस्टिकला भेटते तिथे. तिथलं रबराचं टोपण लांब आणि लवचिक आहे का बघा. बोटाने वाकवल्यावर गोल वळलं पाहिजे, कोन होता कामा नये. एल आकाराची पिन खिशात जास्त टिकते. दोन्ही टोकांनी सुटी होणारी वायर असेल तर उत्तम, शंभर-दोनशेत बदलता येते. सोनीचा एमडीआर-७५०६ हा स्टुडिओतला हेडफोन १९९१ पासून विकला जातोय, त्याचं मोठं कारण हेच की त्याचे सुटे भाग मिळत आलेत.

बिजागरी बघताना घडी दहा वेळा उघडा-मिटा आणि आवाज ऐका. "करर" आलं तर प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतंय. बँड हळूच पीळ देऊन बघा. दुकानदार ओरडेल, ओरडू द्या.

बॅटरीचं गणित वेगळं. लिथियम-आयनची काही शे चार्जिंगची आवर्तनं झाली की ती उतरू लागते. बडमधली बॅटरी नखाएवढी. तुम्ही बड डबीत ठेवता तेव्हा दर वेळी चार्जिंग सुरू. दीड-दोन वर्षांनी "सहा तास चालायचा, आता दोन तास" ही तक्रार येतेच. एक बड आधी उतरतो, कारण कॉलला तोच वापरलेला असतो. बरेच बड्स गोंदाने चिकटवलेले असतात, उघडताना मोडतात. काहींच्या बॅटऱ्या बदलता येतात. मी आधी उघडून दाखवतो, मग पैसे सांगतो.

उन्हाने बॅटरी सगळ्यात लवकर मरते. मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नका. महिनाभर वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून कपाटात ठेवा.

१३. वर्षभरात कुशनची साल निघून काळे कपचे गालाला चिकटतात. वॉरंटीत बसतं का?

सहसा नाही, ते "झीज" समजतात. ते चामडं नसतं. कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतली ओल आणि घाम त्याला आतून कुजवतात, म्हणून न वापरता ठेवलेल्याचीही साल निघते. पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला राहणाऱ्यांचे जास्त येतात, असा माझा आपला अंदाज.

वापरून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा, केसांचं तेल लागू देऊ नका. बदलायचे झाले तर कंपनीचेच किंवा तेवढ्याच जाडीचे पॅड घ्या. जाडी बदलली की ड्रायव्हर कानापासून दूर किंवा जवळ जातो आणि आवाज बदलतो. "पॅड बदलल्यावर बास गेला" म्हणणाऱ्यांचं हेच झालेलं असतं. म्हणून नवीन हेडफोन घेतानाच त्याचे पॅड सुटे मिळतात का ते शोधा. मिळत नसतील तर त्याचं आयुष्य कुशनएवढंच.

१४. आयपीएक्स४ आहे. पावसात चालेल ना? रंगपंचमीला?

आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसतं. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दोन्ही चाचण्या साध्या पाण्यात होतात; घामातलं मीठ, साबण, रंग त्यात धरलेले नाहीत. "एक्स" म्हणजे धुळीची चाचणी दिलेली नाही. डबीला तर बहुतेक वेळा कुठलंच रेटिंग नसतं.

हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलोय. एका रंगपंचमीला तिवंधा चौकात रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद, त्यात उड्या मारतात) बघायला गेलो, खिशात बड्स. मित्रांनी ढकललं, धप्पा बसला. बाहेर आल्यावर बड्स काढून गाणं लावलं तर वाजत होते! आनंदाने पुसले न पुसले आणि डबीत ठेवले, तिथेच घात झाला. ओल्या पिनांना चार्जिंगचा करंट लागला. दोन दिवसांनी डबी उघडली तर पितळी पिनांवर हिरवट पापुद्रा, आणि एक पिन आत रुतून बसलेली. बड्स शाबूत, डबी मेली.

तेव्हा भिजले तर: रंगाचं किंवा घामाचं पाणी असेल आणि रेटिंग असेल तर स्वच्छ पाण्याच्या ओल्या कापडाने पुसा, रबर काढा, जाळी खाली करून पंख्याखाली दिवसभर ठेवा. डबीत ठेवू नका, चार्ज करू नका. तांदळाच्या डब्यातही नको, जाळीत पीठ जाऊन बसतं. हेअर ड्रायर तर नकोच, आतला गोंद सुटतो.

१५. अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" मिळतोय. डुप्लिकेट कसा ओळखायचा?

दिसण्यावरून आता मलाही ओळखता येत नाही, ॲपशी जोडल्यावर पॉपअपसुद्धा येतो. कागद बघा. भारतात विकायच्या वायरलेस हेडफोनांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी लागते; बॉक्सवर चिन्हाबरोबर "आर" ने सुरू होणारा नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. एमआरपी, आयातदाराचा पत्ता, तक्रारीचा नंबर बॉक्सवर हवाच. "बिल नको, दोनशे कमी" म्हणाले तर ते दोनशे तुमच्याच वॉरंटीचे असतात. बिल असून दाद मिळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

१६. मुलगी तिसरीत आहे, ऑनलाइन क्लाससाठी हवा. किती आवाज चालतो?

जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो, म्हणजे मोठ्यांना ८३ ला २० तासच.

घरात डेसिबल मोजायला कोण बसणार? हेडफोन तिच्या कानाला असताना हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ओ आली नाही तर मोठा आहे. (एएनसी किंवा घट्ट रबर असेल तर ही युक्ती फसते.) फोनमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालता येते, ती घाला. बॉक्सवरच्या "८५ डेसिबल लिमिट" वर विसंबू नका. क्लाससाठी हलका, वायरवाला, कानावर टेकणारा पुरे.

१७. एका बाजूचा आवाज कमी येतो. कोणती बाजू गेली?

आधी हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. कमी आवाज हेडफोनाबरोबर सरकला तर दोष हेडफोनात. त्याच कानात राहिला तर दोष कानात.

हेडफोनात असेल तर नव्वद टक्के वेळा जाळीवर मळ. रबर काढून उजेडात बघा. पिवळट थर दिसेल. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी नको, जाळी फाटली की संपलं. वायरवाला असेल तर पिन फिरवून बघा, फिरवताना खरखर आली तर वायर पिनपाशी गेली आहे (१२). फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावी-उजवी पट्टी सरकलेली नाही ना, तेही बघा. लहान पोरांच्या हातात फोन गेला की हमखास सरकते.

कानात असेल तर बहुतेकदा मळच असतो, पण ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ठरवू द्या. एका कानाचं ऐकू येणं अचानक, एका दिवसात कमी झालं असेल तर त्याच दिवशी जा. त्यात उशीर चालत नाही.

१८. वडील बहात्तर वर्षांचे, टीव्ही खूप मोठ्याने लावतात. त्यांना ब्लूटूथ हेडफोन देऊ का?

आधी त्यांची श्रवण तपासणी करून घ्या. वयानुसार वरच्या पट्ट्या जातात, "स, श, फ" अस्पष्ट होतात. त्यावर हेडफोन देऊन व्हॉल्यूम वाढवणं म्हणजे उरलेल्या पट्ट्यांवर आणखी भार. श्रवणयंत्र लागणार असेल तर बरीच यंत्रं टीव्हीशी थेट जोडता येतात, मग हेडफोनाची गरजच उरत नाही.

नुसती घरच्यांची झोप वाचवायची असेल तर ब्लूटूथ टाळा, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. टीव्हीसाठीचा, स्वतःचा ट्रान्समीटर असलेला आरएफ (साध्या रेडिओ लहरींवर चालणारा) हेडफोन घ्या, किंवा तीन मीटरची वायर. कप मोठे, बटण एकच, बँड सैल.

जोडताना एक लक्षात ठेवा. बहुतेक टीव्हींत हेडफोनच्या जॅकमध्ये पिन घातली की स्पीकर बंद होतो. पहिल्या संध्याकाळी बाबा खूश, आणि आईच्या मालिकेचा आवाज गायब. तुमच्या टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये "स्पीकर आणि हेडफोन दोन्ही" असा पर्याय आहे का, ते दुकानात जाण्याआधी घरीच बघा. नसेल तर टीव्हीमागच्या ऑप्टिकल आउटपुटला लागणारा ट्रान्समीटर मागा.